टेम्पोवरचं धाबं

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू ती ज्या कामासाठी बनली त्याच कामाला लावल्याचं मी पाहिलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणत आलो. एरंडोलला त्यांची पिठाची गिरणी होती, दारात एक जुना टेम्पो होता, आणि निदान या दोन गोष्टी तरी त्यांच्या तावडीतून सुटल्या असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आबांना ओळखत नाही. गिरणीच्या पट्ट्यावर त्यांनी एकदा ताक घुसळून पाहिलं होतं; ते ताक भिंतींवर बरेच दिवस दिसत होतं. आहेरात आलेला टेबलफॅन ते दादर ज्वारी उफणायला खळ्यावर नेत. त्यांच्या घरभरणीला आम्ही नवराबायकोनं मोठ्या हौसेनं लंबकाचं घड्याळ दिलं. पुढच्या महिन्यात गेलो तर घड्याळ सव्वाचारला थांबलेलं, आणि आबा लंबक सुतळीला बांधून नव्या भिंतीचा ओळंबा बघत उभे. "मास्तर, काय पितळ दिलं भो तुम्ही! एकदम सरळ लोंबतं!" वेळ बघायची असली तर ते शेजाऱ्याला हाक मारत.

टेप लावून मोजायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. त्यांच्या लेखी माप म्हणजे वीत, हात, आणि त्याहून मोठं काही असलं की मी. हो, मीच. जळगावच्या एका शाळेत मी वर्षानुवर्षं भूमिती शिकवली, पण माझ्या देहाचाही भूमितीला काही उपयोग आहे हे आबांनीच प्रथम ओळखलं. गिरणीसमोर पाण्याचा हौद बांधायचा होता तेव्हा त्यांनी मला भर बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला आडवं व्हायला लावलं, डोक्याशी एक आणि टाचेशी एक खुंटी ठोकली, आणि गवंड्याला सांगितलं, "लांबी दीड मास्तर, रुंदी एक मास्तर." हौद अजून आहे. तो गवंडी भेटेल तिथे मला "या मापसाहेब" म्हणायचा. काम पुरं झालं की आबा दोन पावलं मागे सरत, कमरेवर हात ठेवत आणि म्हणत, "बठ्ठं मापमा शे!" सगळं कसं मापात आहे, असं ते ज्या ज्या वस्तूबद्दल म्हणाले त्यातली प्रत्येक पुढे वाकली, गळली किंवा माझ्या पायावर पडली.

आणि त्यांची झोप. उन्हाळ्यात आमच्या खान्देशात घरात झोपतो तो एकतर आजारी असतो नाहीतर जावई. बाकी सगळे धाब्यावर. सपाट मातीचं छत, त्यात तुराट्या, निंबाचा पाला आणि वर चोपून बसवलेली पांढरी खारी माती. दिवसभर ऊन खाल्लं तरी सांजेला चार तांबे पाणी शिंपडलं की ती माती अशी निवते की अंथरूण घालायच्या आधीच डोळे मिटू लागतात. आबा फाल्गुनात वर जात ते मृगाला खाली येत. एकदा आम्ही दोघं पुण्याला एका लग्नाला गेलो. चौथ्या मजल्यावर खोली, पंखा, गादी, सगळी बडदास्त. सकाळी बघतो तर आबा नाहीत. सोसायटीच्या रखवालदारानं त्यांना गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून उतरवून आणलं होतं. "चोर आहात काय?" तो विचारत होता. "चोर खाली उतरतो भो, मी वर चढलो," आबा शांतपणे म्हणाले, "पण तुमच्या गच्चीला माती नही. सिमेंट कसं तापलंय! झोपतात कसे लोक इथं?" मी जिन्यात उभा राहून यांना आपण कधी पाहिलेलं नाही असा चेहरा करत होतो. आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांना विचारा. मास्तर आहेत, खोटं बोलत नही."

तर नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आबांना नातू झाला आणि त्याचं जाऊळ काढायचं ठरलं. आबांची कुळदेवी चोपड्याच्याही पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. त्यांच्या भाऊबंदकीचा रिवाज असा की आदल्या संध्याकाळी देवीच्या आवारात मुक्काम करायचा, सूर्य उगवताना मामाच्या मांडीवर पोराचे केस उतरवायचे, आणि ते केस बापाच्या आईनं, म्हणजे आजीनं, पदरात झेलायचे. मुक्काम चुकला तर जाऊळ नाही. आणि घोडं इथंच अडलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याच आवारात, चिंचेखाली झोपलेल्या असताना, अक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, विंचू चावला होता. त्या दिवसापासून अक्का भुईवर झोपल्या नाहीत. घरातल्या खाटेचे चारही पाय त्यांनी रॉकेल घातलेल्या वाट्यांत उभे केले होते. धाब्यावर चढणं बंद, परगावी मुक्काम बंद, सख्ख्या भावाच्या लग्नाला त्या सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या. मायेची बाई, पण विंचवाचं नाव काढलं की पाय वर घेऊन बसायची.

अशात धुळ्याहून अक्कांच्या थोरल्या जाऊबाईंचं कार्ड आलं. ते मोठ्यानं वाचून दाखवायची पाळी माझ्यावर आली, कारण मी तेव्हा नेमका जेवायला बसलो होतो आणि घरात माझा चष्मा तेवढा सापडला. "तुला भुईवर झोपणे होत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. काळजी करू नये. नातवाचे जाऊळ मी पदरात घेईन. मी काय परकी आहे?" कार्ड संपलं. अक्कांचा भाकरी थापायचा हात तेवढा थांबला. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "घेऊ दे तिले. मी कुठं येणार?" मी परिस्थिती सावरायला म्हणालो, "अक्का, जाऊळ काय, केसच तर आहेत." माझ्या आयुष्यातल्या ज्या काही वाक्यांनी मला ताट अर्धवट सोडून उठावं लागलं, त्यांतलं हे एक. आबांनी मात्र ताट बाजूला सारलं. शांतपणे हात धुतले, बाहेर गेले, आणि टेम्पोभोवती फेऱ्या घालू लागले. मला हे लक्षण ठाऊक होतं. मी चपला शोधायला लागलो, तेवढ्यात हाक आलीच. "मास्तर, जरा हौद्यात आडवे व्हा बरं."

कल्पना अशी होती की टेम्पोच्या हौद्यावर एक लोखंडी सांगाडा उभारायचा, माणसाच्या डोक्याहून उंच. त्यावर माळा, माळ्यावर राहुटी, आणि राहुटीत अक्का. खाली हौद्यात पाहुणे आणि भांडी. मी म्हणालो, "आबा, सरळ खाट टाका ना हौद्यात!" आबांनी माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघितलं. "खाटेला पाय असतात, मास्तर. विंचू पायावरून चढतो." "मग टेम्पोला काय असतं?" "रबर! रबरवर विंचू चढत नही." हे त्यांना कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. विंचवानंच सांगितलं असणार, अशा थाटात ते बोलत होते.

दुसऱ्याच दिवशी ते धुळ्याला गेले आणि भंगारबाजारातून मोडीत निघालेल्या कुठल्याशा बसच्या टपावरचा सामानाचा कठडा आणि तिची मागची शिडी घेऊन आले. बाकी लोखंड गिरणीमागं होतंच: जुनी खिडकी, मोडक्या नांगराचा फाळ, आणि माझ्या सायकलचं कॅरिअर. ते मी महिनाभर शोधत होतो. वेल्डिंगला गावातले एक म्हातारे चाचा होते. ते बिचारे काळा चष्मा लावून ठिणग्या उडवायचे आणि दर अर्ध्या तासानं चष्मा वर करून विचारायचे, "आबा, गाड़ी बना रहे के मकान?" आबा म्हणत, "चाचा, तुम जोडो." मी दर रविवारी जळगावहून यायचो, सांगाड्यावर आडवा व्हायचो, आबा खडूनं माझ्या डोक्याशी आणि पायाशी खुणा करायचे. चाचा माझ्या अंगावरून वेल्डिंगची वायर ओढत नेत, जणू मी गाडीचाच एक भाग आहे. एका रविवारी सौ.नं पाठीवरच्या खडूच्या रेघा बघून विचारलं, "शाळेत पोरं एवढी पुढं गेली का?"

सांगाडा उभा राहिला. वर पत्रा ठोकला. आणि इथं मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर पुढचं सगळं रामायण माझ्या एका वाक्यानं घडलं. चैत्राचं ऊन होतं, मी पत्र्याला हात लावला आणि म्हणालो, "आबा, पत्रा तापतोय हो. अक्का झोपायच्या की शेकायच्या?" आबा थबकले. पत्र्यावर हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो उजेड पसरला तो बघून मी पुन्हा चपला शोधू लागलो. "मास्तर," ते म्हणाले, "माती थंडी राहस."

चार दिवसांत पत्रा गेला आणि टेम्पोच्या डोक्यावर धाबं चढलं. तुराट्या, निंबाचा पाला, वर खारी माती. तीही अशीतशी नव्हे. गावात त्यांच्या चुलतभावाचं एक पडकं घर होतं, त्याच्या छताची जुनी, मुरलेली माती. "शंभर वर्षं पाणी खाल्लेली माती शे ही," आबा मुठीत घेऊन सांगत, जसा सोनार सोनं दाखवतो. वजनाची शंका मीच काढली, आणि काढली म्हणून हिशोबही माझ्याच गळ्यात पडला. मी एक डबा माती तोलली, माळ्याची लांबी-रुंदी-जाडी काढली, गुणाकार केला, पुन्हा तपासला आणि गणिताच्या मास्तराला शोभेल अशा गंभीर आवाजात जाहीर केलं, "झेपेल." माझा गुणाकार बरोबर होता. फक्त मी कोरडी माती तोलली होती, आणि धाब्याची माती भिजवून, तुडवून, मोगरीनं चोपून बसवतात, हे पिढीजात धाब्यावर झोपणाऱ्या मला आठवलं नाही. तिसऱ्या थराला टेम्पो मागून असा बसला की समोरून बघणाऱ्याला वाटावं, हा आभाळाकडे तोंड करून जांभई देतोय. वाटेनं जाणारा एक म्हातारा थांबला, खालून वर बघितलं, आणि म्हणाला, "आबा, गाडी शे का घर शे?" आबा दोन पावलं मागे सरले, कमरेवर हात ठेवले. पुढचं वाक्य तुम्हाला ठाऊक आहे.

राहुटी मी आणली. आमच्या शाळेतल्या स्काउटच्या पोरांची होती. ती मी मुख्याध्यापकांना न विचारता आणली होती, आणि पावसाळ्यात तिच्या शिवणीतून गहू का काय उगवला तेव्हा मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं सांगण्यासारखं नाही. राहुटी ताणून झाली, तेव्हा आबांनी अक्कांना बाहेर बोलावलं. अक्का आल्या, ओट्यावरच उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या टेम्पोकडे बघत होत्या आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे. शाळेच्या तपासणीला मी इतका घाबरलो नव्हतो. "शिडी पक्की शे ना?" एवढंच त्यांनी विचारलं आणि आत गेल्या. आबांनी माझा खांदा असा दाबला की दोन दिवस दुखत होता. "येते ती!" ते म्हणाले. मग सावरून, "म्हणजे माती दबायला वजन पाहिजेच होतं वर."

निघायच्या दिवसापर्यंत माती वाळली. टेम्पोची पाठ जरा उचलली गेली म्हणून आम्ही खुश झालो. पण वाळलेली माती गाडीच्या धक्क्यांनी काय करते, याचा विचार आमच्या कुणाच्या पूर्वजानंही केला नव्हता, कारण त्यांची घरं जागची हलत नसत. एरंडोल सुटलं आणि तुराट्यांच्या फटींतून खाली मातीचं पीठ पडायला लागलं. हौद्यात वीसेक माणसं, अगदी मध्यभागी, मानाच्या जागी, धुळ्याच्या जाऊबाई नव्या जरीच्या लुगड्यात. धरणगाव येईपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. "गिरणीवाल्याची गाडी शे बाई," जाऊबाई डोक्यावर परात धरून म्हणाल्या, "पीठ तर पडणारच." पुढं आबा गाडी चालवत होते, शेजारी अक्का नातवाला घेऊन बसलेल्या, आणि सायकलवाले घंटी वाजवत आम्हाला मागं टाकून जात होते.

आता माझी कामगिरी. या सगळ्या मोहिमेत माझ्यावर एकच जबाबदारी होती: शिडी. ती मागं लटकवलेली होती आणि काढता-घालता येत असे. धरणगावच्या पुढं एका गावाशी निंबाखाली चहाला थांबलो. म्हाताऱ्या बायांना हौद्यातून उतरायला त्रास नको म्हणून मी मोठ्या अगत्यानं शिडी काढली, लावली, एकेकीचा हात धरून उतरवलं, चढवलं, आणि मग ती निंबाला टेकवून चहाचा दुसरा कप घ्यायला गेलो. तापी ओलांडली, चोपडा मागं पडलं, देवीच्या आवारात पोचलो. वीस पांढरीशुभ्र माणसं हौद्यातून उतरली तेव्हा पुजाऱ्यानं आधी हातच जोडले. पोरांनी बॉनेटवरून वर चढून राहुटी ताणली, मातीवर पाणी शिंपडलं, असा गारवा सुटला की काय सांगू. आबा हात चोळत म्हणाले, "मास्तर, आणा शिडी."

मी टेम्पोभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग टेम्पोखाली बघितलं. मग, का कोण जाणे, खिशात हात घातला.

आबा टेम्पोभोवती फेऱ्या घालू लागले. जाऊबाई मात्र बोलल्या. "असू दे ग," त्या अक्कांना म्हणाल्या, "देवीचीच इच्छा. रातच्या गाडीनं जा घरी. पदर माझा आहेच." अक्कांचे पाय जमिनीवर होते आणि डोळे त्या चिंचेवर, तीच चिंच. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी त्या क्षणी विंचू होऊन दगडाखाली जायला तयार होतो. पण आबांनी पुजाऱ्याची बैलगाडी टेम्पोला खेटून उभी केली, गाडीवर स्वयंपाकाचं मोठं पातेलं पालथं घातलं, पातेल्यावर अक्का चढल्या. खालून पोराच्या मामानं आणि मी जोर लावला, वरून आबांनी हात धरले. "ढकला मास्तर, तुमचंच पाप शे!" मी असं ढकललं की अक्का राहुटीत पोचल्या आणि मी पातेल्यासकट भुईवर. मागोमाग नातवाला वर दिलं. तेवढ्यात पुजारी बैलगाडी घेऊन आपल्या वस्तीवर निघून गेला. आता अक्कांना खाली येता येत नव्हतं. राहुटीच्या तोंडाशी मांडी घालून बसल्या, हातात वारा घ्यायचा विंझणा, मांडीवर नातू, अकरा वर्षांनी उघड्या आभाळाखाली. "गार शे," त्या म्हणाल्या. आबा खाली उभे राहून वर बघत होते. ते या वेळी दोन पावलं मागं सरले नाहीत आणि मापाचंही काही बोलले नाहीत.

वर जागा अक्कांची आणि पोराची. "सांगाडा कुरकुरला तर कळायला पाहिजे," म्हणून आबा टेम्पोच्या कडेला भुईवर, बरोबर राहुटीच्या खाली. शेजारी मी. पहाटे तांबडं फुटायच्या आधी त्यांनी माझा दंड असा आवळला की मी ओरडणार, तो त्यांनी दुसऱ्या हातानं माझं तोंड दाबलं. उपरण्याचा बोळा त्यांच्या दातांत होता. बॅटरी लावून बघतो तर त्यांच्या पोटरीशी विंचू. त्यांनी चपलेनं त्याला गप्प केलं आणि बॅटरी जवळ नेली. विंचवाची पाठ पांढरी होती. पिठासारखी बारीक, शंभर वर्षं मुरलेली खारी माती.

"मास्तर," आबा दातांतून म्हणाले, "हाऊ आपला शे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ज्या मातीवर अक्कांना विंचवापासून वाचवायला चढवलं होतं, तिच्यातूनच ते गृहस्थ एरंडोलहून आमच्याबरोबर आले होते. मी उठून म्हणालो, "आधी डॉक्टर, आबा. कुणाला तरी उठवतो." त्यांनी माझा शर्ट धरला. "आधी जाऊळ. तिले सांगायचं नही. आता कळलं तर ती कायमची खाटेवर गेली, समजा." मी म्हणालो, दबक्या आवाजात पण चिडून म्हणालो, की हा काय हट्ट, जिवाशी खेळ आहे. तर घामानं डवरलेल्या चेहऱ्यानं म्हणतात, "विंचू चावलेला माणूस उभा कसा राहतो ते तरी बघू."

सूर्य वर आला. पोर वर गाढ झोपलेलं, बैलगाडी बाजाराला गेलेली, अक्का उतरणार कशा? शेवटी न्हावीच वस्तरा दातांत धरून बॉनेटवरून, टपावरून वर चढला, मागून मामा. देवीच्या दारात टेम्पोच्या धाब्यावर जाऊळ निघालं. पहिली बट अक्कांच्या पदरात पडली तेव्हा बायांनी गाणं धरलं. धुळ्याच्या जाऊबाई खाली, टेम्पोला लागून, स्वतःचा पदर पसरून उभ्या होत्या. वाऱ्यानं एखादी बट आलीच तर. आली नाही. आबा हौद्याच्या फळीला धरून एका पायावर उभे होते आणि हसत होते. कुणी विचारलं, "आबा, पायाला काय झालं?" "मुंग्या आल्या," ते म्हणाले. ओठ पांढरे पडले होते, पण सगळेच आदल्या दिवसापासून पांढरे असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. केस उतरले, नारळ फुटला, आणि मग देवीला पेढे आणायचं निमित्त करून मी त्यांना एका भाच्याच्या मोटारसायकलवर मधोमध बसवून चोपड्याला नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली आणि विचारलं, "इतका वेळ काय करत होता?" "जाऊळ," आबा म्हणाले. पेढे आणायला आम्ही विसरलो. तो दोषही माझ्याच नावावर गेला.

परतताना त्या निंबाखाली शिडी उभीच होती. चहावाल्यानं तिच्यावर धोतर वाळत घातलं होतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, एका हिवाळ्यात, अक्का भरताची वांगी निवडत होत्या आणि मी शेजारी बसून नको तिथं मदत करत होतो. कशावरून तरी त्या जाऊळाचा विषय निघाला. अक्कांनी आधी आबा गिरणीत आहेत ना, ते बघून घेतलं. "मास्तर, तुम्हाला म्हणून सांगते," त्या हळूच म्हणाल्या. "त्या पहाटे वर एक निघाला होता."

"काय निघाला?"

"दुसरं काय? पोराच्या उशाशी. मातीतून वर आला. बॅटरी लावली तर नांगी वर. पोर तेव्हा कुठं झोपलेलं. मी विंझण्यानं दिला भिरकावून खाली."

माझ्या हातातलं वांगं खाली पडलं. "खाली कुठं?"

"काय माहीत? टेम्पोच्या कडेला. तिकडं कोण झोपतंय? सगळे तर चिंचेखाली होते." त्या वांगी पुसत राहिल्या. "मग डोळाच लागला नही. मातीकडं बघत बसले. ओरडणार होते. पण खाली त्या धुळ्याच्या... आणि ह्यांनी किती जीव काढला होता महिनाभर. म्हटलं, कळलं तर बापडे धाबं मोडून टाकतील. ह्यांना सांगू नका हां."

मी मान हलवली. आयुष्यात मला एक बातमी पोटात ठेवता आलेली नाही, सौ. मला "आकाशवाणी" म्हणते. पण ही ठेवली. लिहून टाकायला आता हरकत नाही, कारण आबा फक्त पंचांग वाचतात आणि अक्कांच्या मते मी लिहितो ते सगळं खोटं असतं.

टेम्पो केव्हाच मोडीत गेला. ते धाबं मात्र आबांनी सांगाड्यासकट उतरवून गिरणीमागच्या मोकळ्या जागेत चार खांबांवर उभं केलंय. पावसाळ्यात त्यावर गवत उगवतं, उन्हाळ्यात ते चोपून नवं होतं. परवा चैत्रात गेलो होतो. गिरणी आता मुलगा बघतो. आबांचे गुडघे गेलेत, अक्कांना कमी दिसतं. तरी संध्याकाळ झाली की दोघं वर जातात. आधी अक्का, मागून आबा, एकेका पायरीवर थांबत. "मास्तर, शिडी धरा," आबा वरून म्हणाले, "आणि या वेळी निंबाखाली नेऊ नका." वर पाणी शिंपडल्याचा आवाज झाला, ओल्या मातीचा वास सुटला. मग दोघांचं बोलणं ऐकू येऊ लागलं.

"त्या वेळी नाही का देवीला," आबा म्हणत होते, "काय झोप लागली होती तुला! म्हटलं होतं ना मी, रबरावरून चढत नही."

"नहीच चढत," अक्का म्हणाल्या.

मी खाली उभा होतो, शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून.